शेवटच्या पाण्याचा फेस

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या ग्रंथसंग्रहालयाच्या संचालिका, व्यासपीठावर विराजमान असलेले विश्वस्त मंडळाचे सभासद, अन्य संग्रहालयांतून वाट वाकडी करून आलेले जतनकार्यातील जाणकार पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती आणि आपणा सर्वांच्या ‘बाई’, त्यांच्या शेजारी हार सांभाळत संकोचून बसलेले त्यांचे यजमान, आणि मागच्या दाराशी उभे असलेले आमचे पहारेकरीबुवा. बुवा, आज तरी बसा. दार काही कोणी पळवून नेत नाही. आणि या सभागृहात जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

ज्याने पाणी निर्माण केले, आणि पाण्याला मळ धुता येईना हे पाहून पाठोपाठ रिठ्याचे झाडही निर्माण केले, त्या परमेश्वराला प्रथम वंदन करतो.

सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत. आमच्या सौभाग्यवतींनी सात दिली आहेत. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि घड्याळ त्यांच्या हातात आहे, तेव्हा कोणाची मर्यादा पाळली जाईल हे सुज्ञांस सांगणे न लगे. परंतु आज मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगितल्यावाचून मी खाली बसणार नाही. गेली चोवीस वर्षे मी ती न सांगता खाली बसत आलो आहे.

आपल्यापैकी नव्या मंडळींना प्रश्न पडला असेल, की पोथ्यांच्या संग्रहात धुणे धुणाऱ्या बाईंचा एवढा सत्कार कशासाठी? प्रश्न रास्त आहे. आपल्या संग्रहातील प्रत्येक पोथी कापडाच्या वेष्टनात बांधलेली असते. धूळ, दमट हवा, कसर, वाचकांच्या हातांचा घाम, हे सारे आधी त्या वेष्टनाने आपल्या अंगावर घ्यायचे. पोथी लिहिणाऱ्याचे नाव शेवटच्या पानावर सापडते. तिला दोनशे वर्षे पोटाशी धरणारे कापड कोणी विणले, कोणी शिवले, हे कोठेच लिहिलेले नसते. मी या संस्थेत पस्तीस वर्षे पोथीविभाग सांभाळला, हजारो वेष्टने सोडली आणि बांधली. पण वेष्टनाकडे पाहावे, त्याचे पोत, त्याचा रंग, त्याची शिवण वाचावी, हे मला सुचले नव्हते. मला वाटे, वाचण्यासारखे जे काही आहे ते आतच आहे. कापडही वाचायचे असते हे मला बाईंनी शिकवले.

बाई येथे आल्या तेव्हा त्यांचे वय चौतीस होते. त्याआधी त्या एका रंगाईच्या कारखान्यात होत्या. नेमणूक तात्पुरती. जागा म्हणाल तर अंगणाच्या कोपऱ्यातील धुलाईखोली: दोन उथळ टाक्या, एक नळ, एक खिडकी आणि भिंतीवर ओळीने ठोकलेले खिळे. त्या काळी आपल्याकडे एक पांढरी पूड वापरत असत. कारखान्यात बनवलेली कृत्रिम पूड. तत्कालीन संचालकांचा तिच्यावर फार जीव होता. ते आज हयात नाहीत. गृहस्थ अत्यंत शिस्तीचे, आणि मनाने सरळ. त्यांची एकच श्रद्धा होती, की फेस म्हणजे स्वच्छता.

बाई येण्याच्या आदल्या वर्षी एक लाल वेष्टन त्या पुडीत धुतले गेले. वाळल्यावर इतके झळझळीत दिसू लागले, की संचालकांनी ते मला मुद्दाम बोलावून दाखवले. पोथीला बांधले आणि कपाटात ठेवले. पुढल्या दमट दिवसांत मी ते सोडले, तर पोथीच्या पहिल्या पानाच्या कडेला गुलाबी रेघ उमटलेली. वेष्टनाचा रंग सुटून पानावर उतरला होता. ती रेघ आजही आहे. नव्या कर्मचाऱ्यांना आपण ती दाखवतो.

बाईंनी आल्या आल्या ती रेघ पाहिली, वेष्टन नाकाशी नेले, दोन बोटांत चोळले आणि एवढेच म्हणाल्या, “यातली पूड अजून गेलेली नाही. कपडा धुतलाय, पण विसळलेला नाही.”

आपल्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला, रिठ्याचे जुने झाड आहे. त्याची फळे रस्त्यावर पडत, गाड्यांखाली चिरडली जात, आणि पाणी शिंपडले की रस्त्याला फेस येई. ते आम्ही सगळेच पाहत होतो. घसरू नये म्हणून बाजूने चालत होतो. बाईंनी पदर खोचला, टोपलीभर फळे वेचली, फोडली, आतली काळी बी काढून टाकली, टरफले कोमट पाण्यात भिजवली आणि तपकिरी पाणी दुहेरी कापडातून गाळून घेतले. मग एका निकामी वेष्टनाचे मधोमध दोन तुकडे केले. एक पुडीत, दुसरा रिठ्यात. आणि दोन्ही संचालकांच्या टेबलावर नेऊन ठेवले. मी तेथे होतो.

संचालकांनी रिठ्याच्या पाण्याच्या भांड्यात डोकावून पाहिले. “याला फेस कुठाय? पुडीचा बघा कसा वर येतो.”

“फेस धूत नाही, साहेब. धुतं पाणी. फेस नुसता मिरवतो.”

पस्तीस वर्षांत त्या टेबलाशी एवढे नेमके वाक्य मी ऐकले नव्हते. संचालकांनीही बहुधा ऐकले नसावे, कारण त्यांनी ताबडतोब एक समिती नेमली.

समितीत तिघे होतो. स्वतः संचालक, रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक आणि मी. ठरले असे, की दोन वर्षे प्रयोग करावा आणि मग कायमचा निर्णय घ्यावा. रिठा टिकला तर बाईंची नेमणूक कायम होईल. पूड परत आली तर पूड कालवायला कोणीही चालेल. म्हणजे त्या फळाच्या टरफलावर एका बाईची नोकरी, तिच्या लेकीचे शिक्षण आणि आपल्या साडेचार हजार पोथ्यांची वस्त्रे अशी तिन्ही ओझी आली. टरफल केवढे? अंगठ्याच्या नखाएवढे.

प्राध्यापकांनी आम्हाला सांगितले, की रिठ्यात, शिकेकाईत आणि अशा कित्येक वनस्पतींत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते, आणि ते पाण्याचा पृष्ठताण कमी करते. मी मान डोलावली. समितीत मान डोलावण्याचा मला दांडगा अनुभव होता. नंतर हळूच धुलाईखोलीत जाऊन विचारले, “बाई, ते काय म्हणाले?”

बाई हात पुसत म्हणाल्या, “शास्त्रीबुवा, स्थळं जुळवणारी माणसं असतात ना? तेलाचं आणि पाण्याचं आपसात जमत नाही. एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मग हा मधला माणूस येतो. एक हात तेलाच्या हातात, दुसरा पाण्याच्या. असं करत मळ कापडावरनं उठवतो आणि पाण्याच्या घरी नांदायला पाठवतो.”

“मग पुडीतसुद्धा असाच मध्यस्थ असणार?”

“असाच. पण आगाऊ. लग्न लागलं तरी मांडवातनं हलत नाही. शिवाय रंग उजळवणारी, सुवास देणारी अशी चार भावंडं घेऊन येतो, तीही राहतात.”

“आणि रिठ्यातला?”

मला वाटले होते, त्या म्हणतील, तो साधुपुरुष आहे. बाई तसे म्हणाल्या नाहीत. “तोही पाहुणाच. चारदा पाणी बदललं की जातो. पण गेला का राहिला, हे आपण ठरवायचं नसतं. बाटलीला विचारायचं.”

पाहुण्यांनो, ती बाटली आज त्या मेजावर हारांच्या शेजारी ठेवली आहे. साधी काचेची, बुचाची बाटली. कापड विसळून झाले की शेवटचे पाणी अर्धी बाटली भरून घ्यायचे, बूच लावायचे, दहा वेळा हलवायचे आणि शंभर आकडे मोजायचे. फेस टिकून राहिला, तर कापडात अजून काही उरले आहे. पुन्हा पाणी बदला. शेवटच्या पाण्याला फेस येत नाही तोवर धुणे संपले नाही. आपल्या ग्रंथांत शुद्धी दोन प्रकारची सांगितली आहे, बाहेरची आणि आतली. आतल्या शुद्धीची परीक्षा कशी करावी यावर विद्वानांनी खल केला आहे. धुलाईखोलीत त्याचे उत्तर अर्ध्या बाटलीत मावत होते.

रिठ्याचे अवगुणही बाईंनी लपवले नाहीत. त्याचे पाणी तपकिरी असते, पांढऱ्या कापडावर जपून वापरावे लागते. दोन-तीन दिवसांत आंबते. आणि डोळ्यांना फार झोंबते. याची प्रचीती मी स्वतः घेतली आहे. एकदा उत्साहाने टरफले चुरडली आणि त्याच हाताने चष्मा काढून डोळे पुसले. अर्धा तास अश्रुधारा थांबेनात. पहारेकरीबुवा तेव्हा नवे होते. त्यांनी घरी निरोप धाडला, की शास्त्रीबुवा आज कोठलीशी पोथी वाचून फार सद्गदित झाले आहेत. आमच्या सौ. लगबगीने आल्या. कारण कळल्यावर म्हणाल्या, “बरं झालं. मला वाटलं, खरंच काही वाचलंत.”

आता मी मूळ गोष्टीकडे वळतो. इतका वेळ वळलो नाही, यात माझ्या स्वभावाचा वाटा किती आणि भीतीचा किती, हे आपण ठरवावे.

आपल्या अंगणात दगडी हौद आहे. त्यात मासे आहेत. त्या काळी अकरा होते. मी रोज सकाळी सात वाजता येत असे, नामस्मरण करीत हौदाला तीन फेऱ्या घालीत असे आणि सौ.नी मळून दिलेल्या पिठाच्या बारीक गोळ्या माशांना टाकीत असे. ते मला ओळखत. निदान माझी तशी समजूत होती. माझ्या दिवसाची ती पहिली आणि खरे सांगायचे तर सर्वांत आनंदाची घटका होती.

प्रयोगाची दोन वर्षे संपायला आठ दिवस उरले होते. सुटीचा दिवस. धुलाईखोलीच्या दाराशी वापरलेल्या रिठ्याच्या पाण्याच्या दोन बादल्या झाकून ठेवल्या होत्या. हौदातील पाणी उन्हाने बरेच खाली गेले होते. माझ्या मनात विचार आला, आणि तो मला फार उदात्त वाटला, की हे वनस्पतीचे पाणी. कारखान्याचा स्पर्श नाही. पोथीच्या वस्त्राला चालते, ते जलचरांना न चालायला काय झाले? वाया का दवडावे?

मी दोन्ही बादल्या हौदात ओतल्या. ओतताना, आपल्यापासून काय लपवू, मी एक श्लोकही म्हटला.

विष बहुतेक झाडाझुडपांतूनच येते, हे मी आयुष्यभर वाचत आलो होतो. आमच्या पोथ्यांत त्यांच्या याद्या आहेत. त्यांतल्या दोन याद्या तर मी स्वतः संपादित केल्या आहेत. परंतु निसर्गाचे ते निरुपद्रवी, हे एक गोड असत्य त्या दिवशी माझ्या मनात असे बसले होते, की वाचलेले सारे त्याच्या बाहेरच उभे राहिले. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना बाधते, त्यांना पाण्यातला श्वास घेता येत नाही, कित्येक देशांतले कोळी अशाच वनस्पती पाण्यात कुटून मासे धरत आले आहेत, हे मला प्राध्यापकांनी नंतर सांगितले. नंतर. ज्ञानाची आणि माझी भेट नेहमी अशी पायरीवर होते, मी उतरताना.

तासाभराने मी वाचनालयात होतो. पहारेकरीबुवांची हाक आली, “अहो, मासे वर आलेत, तोंडं उघडी टाकतायत.” बाई सुटी असूनही वाळलेली वेष्टने घडी करायला आल्या होत्या. त्या धावत आल्या. त्यांनी हौदाकडे पाहिले, खोलीत जाऊन बाटली आणली, अर्धी भरली आणि हलवली. फेस आला. मी खिडकीतून पाहत होतो. शंभर मोजण्याची गरज पडली नाही.

मग त्यांनी जे केले ते बुवा आजही वर्णन करतात. नळाखाली घमेली, बादल्या, धुण्याचे ट्रे, जे सापडेल ते भरले, गाळणीने एकेक मासा उचलून स्वच्छ पाण्यात सोडला, ते पाणीही दोनदा बदलले. हौद उपसला, घासला, पुन्हा भरला. मीही बादल्या वाहिल्या. लोकांनी त्याबद्दल माझे कौतुक केले. ते मी ऐकून घेतले.

अकरांपैकी आठ वाचले. तीन गेले.

दुपारी संचालक आले. सर्वांना अंगणात उभे केले. “धुलाईखोलीतलं पाणी हौदात कोणी ओतलं?”

मी तोंड उघडले होते. ईश्वराला स्मरून सांगतो, उघडले होते. पण मनात एकाच वेळी दोन वकील उभे राहिले. एक म्हणाला, तू समितीचा सभासद, तूच बोललास तर आठ दिवसांनी रिठ्याची बाजू कोण घेणार? दुसऱ्याने एवढेच म्हटले, शास्त्रीबुवांनी मासे मारले, असे लोक म्हणतील. पहिला वकील सभ्य होता. खटला जिंकला तो दुसऱ्याने.

तेवढ्यात बाई पुढे झाल्या. “पाणी माझ्या खोलीतलं आहे, साहेब. ते दाराशी ठेवायला नको होतं. जबाबदारी माझी.”

त्या ‘मी ओतलं’ असे म्हणाल्या नाहीत. खोटे त्या बोलल्याच नाहीत. पण ऐकणाऱ्यांनी ऐकायचे ते ऐकले. त्यांच्या सेवापुस्तकात लेखी ताकीद चढली: ‘निष्काळजीपणे सांडपाणी सोडून हौदातील मासे मारले.’ कायम नेमणूक एक वर्षाने लांबली. रिठ्याचा निर्णयही सहा महिने लांबला. तो अखेर बाईंच्या बाजूने लागला, कारण तोवर पूड वापरलेल्या आणखी दोन वेष्टनांनी रंग सोडला होता, आणि रिठ्याच्या तीनशेंपैकी एकानेही नाही. मी समितीत रिठ्याच्या बाजूने चाळीस मिनिटे बोललो. ते माझे सर्वांत गाजलेले भाषण. त्यात एक वाक्य कमी होते.

त्या घटनेतून बाईंनी एक नियम केला, आणि तो आज येथे आलेल्या पाहुण्यांच्याही संग्रहालयांत भिंतीवर लागला आहे. वापरलेले पाणी पिंपात मुरू द्यायचे, रोज बाटली हलवायची, फेस मेल्यावाचून ते सोडायचे नाही, आणि त्यानंतरही तळ्याला, विहिरीला, हौदाला कधीच नाही. मघाशी एका पाहुण्यांनी भाषणात म्हटले, की एवढा दूरदर्शी नियम बाईंना आधीच कसा सुचला? महाराज, तो आधी सुचलेला नाही. तो माझ्या पुण्यकर्मानंतर सुचला.

त्या दिवसानंतर मी हौदावर जाणे सोडले. मागच्या दाराने येऊ लागलो, निवृत्तीनंतर वाचायला येतानाही. सौ.नी विचारले, “आता पीठ मळायचं नाही का?” मी म्हटले, वैद्यांनी सकाळची थंड हवा टाळायला सांगितली आहे. चोवीस वर्षे त्या वैद्यांना आमच्या घरी दोष मिळत राहिला. म्हणजे ताकीद मिळालेल्या निर्दोष व्यक्ती एकूण दोन.

गेल्या आठवड्यात निमंत्रणपत्रिका घरी आली. सौ.नी वाचली आणि म्हणाल्या, “बाईंवर छान बोला हं.” मी पत्रिका बाजूला ठेवली. मग सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “चोवीस वर्षं? अहो, तोवर त्या माशांची पतवंडं झाली. एवढं वाचलंत, आणि एक वाक्य बोलता आलं नाही? जा आधी त्यांच्याकडे.”

गेलो. काल सकाळी, धुलाईखोलीत. बाई कपाट आवरत होत्या. मी उभ्यानेच म्हटले, “बाई, ते पाणी मी ओतलं होतं.”

बाईंनी घडी पुरी केली. म्हणाल्या, “माहीत आहे.”

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. बादल्या रिकाम्या होत्या. पण विसळलेल्या होत्या, आणि खिळ्याला उलट्या टांगलेल्या. आमच्या खोलीत बादली कोणी उलटी टांगत नाही, कडी गंजते. या इमारतीत पाण्याचं भांडं विसळून पालथं घालणारे तुम्ही एकटेच. आणि शास्त्रीबुवा, खोडी करून मागची भांडी घासून जाणारा दुसरा चोर कुठं मिळायचा?”

मी खुर्चीवर बसलो. विचारले, “मग बोलला का नाहीत?”

आपणांस वाटत असेल, की आता बाई क्षमेविषयी काही थोर बोलल्या असतील. मलाही तसेच वाटले होते. बाई म्हणाल्या, “समितीत माझ्या बाजूनं तुमचं एकच मत पक्कं होतं. तुम्ही बुडाला असता, तर रिठाही बुडाला असता. ताकीद काय, कागदावर असते. कापड परत येत नाही.” आणि पुढचे वेष्टन उचलत, “नंतर सांगणार होते. पण तुम्ही हौदावर यायचंच बंद केलंत. म्हटलं, माणसानं स्वतःलाच एवढी शिक्षा केलीय, तर वर आपण आणखी काय सांगायचं. तुमच्या जागी मी गोळ्या टाकत होते, एवढंच.”

सभागृहातील सज्जनहो, चोवीस वर्षे माझे मासे बाईंनी सांभाळले. आणि मला ते ठाऊक नव्हते, कारण मी मागच्या दाराने येत होतो.

मी त्यांना विचारले, हे उद्या सभेत सांगितले तर चालेल का? त्यांनी दोन अटी घातल्या. पहिली, फार लांबण लावायचे नाही. ती मोडली आहे, हे मला समोरच्या घड्याळावरून दिसते. घड्याळ आता हातातून वर उचलले गेले आहे. दुसरी अट शेवटी सांगतो.

अध्यक्ष महोदया, हे माझे लेखी निवेदन. यात त्या दिवसाची हकीकत आहे आणि खाली माझी सही आहे. माझी नम्र विनंती अशी, की बाईंच्या सेवापुस्तकातील ती ताकीद त्या आज संध्याकाळी या फाटकातून बाहेर पडण्यापूर्वी रद्द व्हावी, आणि तिच्या जागी खरे नाव लिहिले जावे. मी वीस वर्षांपूर्वी निवृत्त झालो, तेव्हा माझी बढती रोखून धरता येणार नाही, याचे मला वाईट वाटते. पण नाव लिहावे.

आपण मान हलवलीत. सेवापुस्तक तर आपण सोबतच आणलेले दिसते. आणि लेखणीही? म्हणजे बाईंनी आपल्यालाही आधीच... बाई, आपण हसू नका, मला पुढचे वाक्य आठवेनासे होते.

पाहा, आपण रेघ मारली. एक गुलाबी रेघ पानावर उमटलेली मी इतकी वर्षे दाखवत आलो. ही दुसरी. ही पाहताना डोळ्यांत पाणी आले आहे, आणि आज मी रिठ्याला हात लावलेला नाही. बुवा, तेवढे घरी कळवायला नको. घरची मंडळी येथेच आहेत.

बाई, आपल्याविषयी बोलण्यासाठी मी उभा राहिलो आणि स्वतःविषयीच अधिक बोललो. हा दोष माझ्या वयाचा मानू नये, तो तरुणपणापासून आहे. आपल्या हातांनी धुतलेली वेष्टने आम्ही गेल्यावरही पोथ्यांना कवटाळून राहतील. त्यांतले शब्द आमच्यासारखे लोक वाचतील आणि त्यांचे अर्थही लावतील. ते शब्द वाचण्याजोगे उरले, हे मात्र आपल्यामुळे. आपणास, आपल्या यजमानांना आणि कन्येला आरोग्य लाभो, विश्रांती लाभो, आणि घरी कोणी रिठा फोडायला घेतलाच, तर त्याने डोळे सांभाळावेत.

हा समारंभ योजणाऱ्या सर्वांचे, मघापासून तीनदा घंटीकडे हात नेऊन तीनदा मागे घेणाऱ्या सूत्रसंचालकांचे, आणि हे सारे बसून ऐकणाऱ्या आपणा सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. बोलण्यात काही अधिक आले असेल ते माझे समजून सोडून द्यावे. जे उणे होते, ते भरून काढायला चोवीस वर्षे लागली, त्याबद्दल क्षमा असावी.

आता बाईंची दुसरी अट. त्या उद्यापासून येणार नाहीत. हौदात आज त्रेचाळीस मासे आहेत. सौ.ना मी काल संध्याकाळीच पीठ बारीक मळायला सांगितले आहे. आपणा सर्वांची क्षमा मी येथे मागितली. तिघांची राहिली आहे. ती मागायला मी उद्या सकाळी सात वाजता, पुढच्या दाराने, येतो आहे.

धन्यवाद.